पोकळ्याचा श्वास

१

रेडिओ केंद्राच्या मागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, एक बाई रोज सकाळी दहाला कुलूप काढायची, पंखा लावायची आणि भिंतीवरचे खिळे एकदा नजरेखालून घालायची. खिळे एकोणीस. प्रत्येकावर टेपचं एकेक वेटोळं टांगलेलं, वेटोळ्याला कागदाची चिठ्ठी आणि चिठ्ठीवर तिच्या बारीक अक्षरात नाव: पाऊस दुसरा, रॉकेट जाताना, राक्षसाची जांभई. केंद्रात सगळे तिला रीळताई म्हणत. आपण नुसतं ताई म्हणू. तिची हरकत नसायची. तिची कशालाच हरकत नसायची.

ताई मुलांच्या नाटकांना संगीत करायची, पण तुम्हाआम्हाला ठाऊक असलेलं संगीत नव्हे. खोलीत एकही वाद्य नव्हतं. टेलिफोन खात्यानं वापरून मोडीत काढलेली बारा यंत्रं होती. त्यांचं बटण पिरगाळलं की एक सूर निघायचा, ऊंऽऽ असा सरळसोट, ज्याला सुरुवात नाही की शेवट नाही. तो टेपवर घ्यायचा, ब्लेडनं तिरका कापायचा, दुसऱ्या तुकड्याला पांढऱ्या चिकटपट्टीनं जोडायचा, हळू फिरवायचा, उलटा फिरवायचा. लांबलचक तुकड्याचं शेपूट त्याच्याच तोंडाला चिकटवलं की झालं वेटोळं. मशीनवर चढवलं की तोच आवाज फिरून फिरून येत राहायचा. अशानं रॉकेट उडायचं. दहा सेकंदांच्या रॉकेटला दोन दिवस लागायचे. लोक विचारायचे, “पण तुम्ही वाजवता काय?” ताई म्हणायची, “ब्लेड.”

खोली उभी केली होती मास्तरांनी. मास्तर म्हणजे केंद्राचे जुने इंजिनियर, निवृत्तीला टेकलेले, कपाळावरचा चष्मा टेबलावर शोधणारे. त्यांचे नियम दोन. एक, वेळ फूटपट्टीनं मोजायची. टेप सेकंदाला पंधरा इंच धावते, म्हणजे साडेसात इंच हा अर्धा सेकंद, आणि त्यात घासाघीस नाही. दुसरा, या खोलीत मायक्रोफोन आणायचा नाही. जे करायचं ते यंत्रांच्या सुरांतून. “खरा आवाज कुठून तरी आणावा लागतो,” ते म्हणत. “आणलेली वस्तू परत करायला लागते. ती कटकट नको.” मास्तर अशी वाक्यं चहा ढवळता ढवळता टाकत, त्यामुळे कुणी ती मनावर घेत नसे.

ताईची स्वतःची एक सवय होती. वेटोळं खिळ्यावरून काढलं की ती डोळे मिटून त्याचे जोड नखानं मोजायची. जोडापाशी नखाला हलकीशी ठेच लागते. हे मोजणं दोन वर्षांपूर्वी लागलं, नवरा गेला तेव्हापासून. तो गेला त्या दिवशी ताईला जे बधिरपण आलं ते उतरलंच नाही. रडू नाही, चिडचिड नाही. भूक लागली की ती जेवायची आणि कुणी विनोद केला की वेळेवर हसायची. मोजलं की निदान आपण जागे आहोत एवढं कळायचं.

२

घरी दोन माणसं होती. एक तिची सात वर्षांची लेक, भुंगी. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं, पण ही पोर उठल्यापासून झोपेपर्यंत नाकातल्या नाकात गुणगुणत असायची, म्हणून बापानं भुंगी नाव ठेवलं आणि तेच चिकटलं. दुसरी भुंगीची आत्या. आत्याचं लग्न झालं नव्हतं आणि आता व्हायचं नव्हतं, आणि त्याबद्दल ती कुणाकडे सहानुभूती मागत नसे. तिला फक्त शांतता हवी असायची, जी त्या घरात मिळणं शक्य नव्हतं. दाराची कडी टक्कन वाजायची, नळ ठिबकायचा, खुर्ची करकरायची, भुंगीच्या स्लिपरा फटाक फटाक करत या खोलीतून त्या खोलीत जायच्या.

“वहिनी, तुझ्या पोरीला पायाऐवजी चाकं हवी होती,” आत्या म्हणायची.

बाबा गेल्यापासून भुंगीनं एक खेळ काढला होता. ताई घरी आली की तिच्या छातीला कान लावायचा आणि आत काय लागलंय ते सांगायचं. “आज मालगाडी,” किंवा “आज जिन्यावरून पळत आलीस, भरभर वाजतंय.” खेळ कसला, पोर रोज खात्री करून घेत होती. ते ताईला कळायचं. ती उभ्याउभ्या कान लावू द्यायची, भाजीची पिशवी हातात तशीच धरून.

दर गुरुवारी साडेपाचला नाटक लागायचं. या वेळचं नाटक तेरा भागांचं होतं: दोन भावंडं आजोबांच्या कपाटात बसतात, कपाट उडतं आणि एका ओसाड ताऱ्यावर उतरतं. तिथे एकटाच कुणीतरी राहतो. तो दिसत नाही, बोलत नाही, नुसता घुमतो. त्याचं नाव पोकळ्या. निवेदन करायचे रेडिओकाका. बालविभाग त्यांचाच होता. काकांचं शेवटचं वाक्य संपलं रे संपलं की भुंगी बटण पिरगाळून रेडिओ खट्‌कन बंद करायची.

“अगं, शेवटचं संगीत तरी ऐकत जा,” ताई म्हणायची. “त्याला दोन दिवस लागतात मला.”

“ते नुसतं लांब जात असतं,” भुंगी म्हणायची. “त्यात काय ऐकायचं?”

३

सहावा भाग झाल्यावर रेडिओकाका वर आले. जिना चढून दम लागला होता. काकांचा आवाज देखणा होता, बाकीचा देह तेवढा नव्हता. हातात मुलांच्या पत्रांचा गठ्ठा.

“ताई, मुलांना पोकळ्याची भीती वाटत नाही. एकानं लिहिलंय, पोकळ्या म्हणजे आमच्या घरचं फ्रिज.”

“बरोबर आहे त्याचं,” ताई म्हणाली.

“पुढच्या भागात तो मुलांच्या अगदी जवळ येतो हो. मानेपाशी. काहीतरी करा. तो जिवंत वाटला पाहिजे.”

ताईनं तीन दिवस यंत्रांशी झटापट केली. पोकळ्याच्या वेटोळ्यात सात तुकडे होते, सात जोड. तिनं सूर खाली नेले, एकमेकांत मिसळले, उलटे फिरवले. फ्रिजचं फारतर मोठं फ्रिज झालं.

रविवारी दुपारी भुंगी जेवून झोपली होती. बारीक ताप होता, तोंड उघडं होतं. श्वास घेताना तिच्या नाकात एक अगदी बारीक शीळ वाजत होती. ताई दारात उभी राहून ऐकत राहिली आणि मग बातम्यांच्या विभागातून शनिवारी घरी आणलेलं रेकॉर्डर तिनं पलंगाजवळ ठेवलं. आणलं कशाला होतं, हे तिला नीटसं आठवलं नाही. आणलं होतं खरं.

सोमवारी मास्तर दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. ताईनं रीळ लावलं. एकच श्वास चांगला निघाला होता. आत घेतलेला स्वच्छ होता, शिळेसकट. बाहेर सोडताना मात्र पोर खोकली होती. ताईनं खोकल्याच्या अलीकडे पेन्सिलीची खूण केली आणि कापलं. साडेसात इंच. तो तुकडा वेटोळ्यात बसवला. आठ तुकडे, आठ जोड. केंद्रात टेपचा तुटवडा कायमचाच, वापरलेलं रीळ त्याच दिवशी पुसून कोठारात परत करायचं असा दंडक होता. तिनं पुसलं आणि दिलं.

गुरुवारी सातवा भाग लागला. पोकळ्या जवळ आला, तसं आत्यानं भाजी निवडणं थांबवलं. भुंगीनं दोन्ही हातांनी आईचं मनगट धरलं.

“तो आपल्याकडे बघतोय,” ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात पत्रांचे दोन गठ्ठे आले. रेडिओकाका खूश.

४

शुक्रवारी सकाळी ताईनं पोकळ्याचं वेटोळं खिळ्यावरून काढलं आणि डोळे मिटून जोड मोजले. नऊ.

तिनं परत मोजले. नऊच. तिसऱ्यांदा डोळे उघडे ठेवून मोजले. श्वासाच्या तुकड्याला लागून एक छोटा तुकडा होता, जेमतेम दोन इंचांचा. जोड सुरेख होता. चिकटपट्टीचे दोन कोपरे अगदी बारीक कापलेले होते, आणि कोपरे असे कापायची खोड त्या इमारतीत एकाच माणसाला होती. तिलाच.

म्हणजे आपणच केलंय, तिनं विचार केला. दोन वर्षांत ती गॅस चालू ठेवून बाजारात गेली होती आणि एकदा नवऱ्याची पँट इस्त्रीला टाकून आली होती. त्या मानानं दोन इंच टेप म्हणजे काहीच नाही.

तिनं वेटोळं मशीनवर चढवलं आणि तो तुकडा हातानं पुढेमागे सरकवला. टक्.

अनोळखी आवाज नव्हता. दिवसातून दहा वेळा ऐकू येणारा. पण कुठला, ते काही केल्या आठवेना. संध्याकाळी घरी पोचून तिनं दाराची कडी सरकवली, तेव्हा आठवलं. आठवलं, कारण कडी सरकली आणि आवाज आला नाही.

तिनं परत सरकवली. लोखंडावर लोखंड घासलं, कडी बसली, हाताला तिचा धक्काही लागला. आवाज नाही.

“तू तेल घातलंस का गं कडीला?” आत्या आतून म्हणाली. “बरं झालं. डोकं उठायचं त्या टकटकीनं.”

ताईनं कडीला बोट लावून पाहिलं. बोट कोरडं होतं.

५

त्यानंतर आठवड्याला एखाददुसरा जोड वाढत गेला. दहा झाले तेव्हा नळ ठिबकत तर होता, पण ऐकू येत नव्हता. खाली ठेवलेली बादली गुपचूप भरायची. अकराव्यात खुर्ची. बाराव्यात भुंगीच्या स्लिपरा. पोर तशीच धावायची, पाय तसेच आपटायची, आणि स्वयंपाकघरात पाठमोऱ्या उभ्या असलेल्या ताईला ती जवळ आल्याचं पदर ओढल्यावरच कळायचं.

शेजारीण आली होती, ती म्हणाली, “किती शांत घर आहे हो तुमचं.” आत्या समाधानानं हसली. मग तीच दोन दिवसांनी ताईला हळूच म्हणाली, “वहिनी, माझे कान तपासून घ्यायला हवेत का गं? वय झालं बहुतेक.”

“माझेही घेऊ,” ताई म्हणाली.

कानांच्या डॉक्टरनं दोघींचेही कान उत्तम असल्याचं सांगितलं.

ताईनं मग एक साधा उपाय केला. वाढलेले चारही तुकडे ब्लेडनं काढले, वेटोळं पुन्हा आठ जोडांचं केलं, तुकडे पाकिटात घालून पाकीट पर्समध्ये टाकलं. घरी जाऊन पाहिलं. कडी मुकीच होती. सकाळी केंद्रात वेटोळं मोजलं तर जोड बारा. पर्स उघडली तर पाकीट बंद, चिकटवलेलं, आणि आत काही नाही.

पर्स रात्रभर तिच्याच उशाशी होती. जोडांचे कोपरेही तिच्याच पद्धतीनं कापलेले होते. माणूस झोपेत चालतो म्हणतात, पण तीन मजले चढून, कुलूप काढून, अंधारात तिरका छेद घेऊन जोड बसवतो, असं तिनं कधी ऐकलं नव्हतं. ती या गोष्टीचा शांतपणे विचार करत बसली. भीती वाटायला हवी होती. ती वाट पाहत राहिली. भीती काही आली नाही, साडेअकराचा चहा आला.

६

तेरावा जोड ज्या दिवशी सापडला, त्या दिवशी ताईनं तो तुकडा ऐकलाच नाही. बघून तिला कळलं. श्वासाला लागूनच होता आणि आजवरच्या सगळ्या तुकड्यांहून लांब होता.

त्या संध्याकाळी भुंगी चित्र काढत बसली होती. मान एका लयीत हलत होती, ओठ मिटलेले होते. गुणगुणताना बसते तशीच बसली होती. घरात पंख्याखेरीज कसलाही आवाज नव्हता.

“भुंगे, गाणं म्हणत नाहीस आज?”

पोरीनं वर पाहिलं. म्हणतेय की, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

पुढच्या आठवड्यात तिचं बोलणं विरत गेलं. आधी वाक्याची शेपटं ऐकू येईनाशी झाली, मग मधलं, मग सगळंच. शाळेतून चिठ्ठी आली: मुलगी वर्गात उत्तर देत नाही, घरी काही घडलं आहे का? घशाच्या डॉक्टरनं बॅटरी मारून पाहिलं, म्हणाले, घसा आरशासारखा आहे. मग मुलांच्या मनाच्या डॉक्टरांचं नाव लिहून दिलं आणि हळू आवाजात विचारलं, “वडील गेल्याचं मनावर घेतलंय का हिनं?”

 घरी आल्यावर आत्या ओट्याशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. “मलाच हवी होती ना शांतता,” ती म्हणाली. “वहिनी, मी मागितली ती ही नव्हती गं.”

ताई भुंगीजवळ बसली. पोर हातवारे करत होती, ओठ भराभर हलत होते, मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. मग तिनं चित्रांची वही ओढली, पेन्सिलीनं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि वही आईच्या मांडीवर ठेवली.

आई मी ओरडतेय.

तेव्हा ताईला भीती वाटली. मुंग्या आलेल्या पायाला टाचणी टोचल्यावर कळतं ना, हा पाय आपला आहे, तेवढीच. पण वाटली.

७

बुधवारी, शेवटच्या भागाच्या आठ दिवस आधी, तिनं मास्तरांना सगळं सांगितलं.  मास्तरांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला, वेटोळं मशीनवर चढवलं आणि टेप हातानं हळूहळू सरकवत ऐकत गेले. कडी. नळ. खुर्ची. स्लिपरा. मग तो तेरावा तुकडा आला आणि छोट्या स्पीकरमधून भुंगीची गुणगुण आली, इतकी स्पष्ट की ताईनं दाराकडे वळून पाहिलं.

मास्तर थांबले ते श्वासापाशी. तो त्यांनी चार वेळा ऐकला.

“हा कुणाचा?”

“लेकीचा.”

नियम मोडल्याबद्दल ते रागावतील असं तिला वाटलं होतं. ते नुसते म्हणाले, “हा आत घेतलाय. सोडलेला कुठाय?”

“त्यात खोकला होता. कापला मी.”

“आणि रीळ?”

“पुसून परत दिलं.”

मास्तरांनी हात मागे घेतला. मशीन चालू केलं, आणि वेटोळं फिरायला लागलं. सूर घुमला, श्वास आत गेला. सूर घुमला, श्वास आत गेला. दोघं उभ्यानं ऐकत होती. ताईनं हा आवाज पाच आठवडे रोज ऐकला होता, आणि जी गोष्ट पहिल्याच दिवशी ध्यानात यायला हवी होती ती आता येत होती.

“पाच आठवडे हा नुसता आत घेतोय,” मास्तर म्हणाले. “सोडायला दिलंच नाही आपण त्याला.”

“हा तुकडा काढून टाकला तर?” तिनं ब्लेड उचललं होतं.

“टाका. पण हा तुमच्या पोरीचा श्वास आहे, ताई. माझ्या हातून नाही कापवणार.”

तिनं ब्लेडचं पातं टेपला टेकवलं.  मग तिनं ब्लेड खाली ठेवलं.

८

त्याच संध्याकाळी तिनं भुंगीसमोर रेकॉर्डर धरलं. “फुगा फुगवतेस तशी फुंकर मार,” ती म्हणाली. पोरीनं गाल फुगवले आणि मारली. ताईच्या हातावर ऊब लागली, कपाळावरचे केस उडाले. रेकॉर्डरची सुई शून्यावर पडून होती. दहादा केलं. सुई हलली नाही.

आठ दिवस ताई वाट शोधत राहिली आणि पुढच्या बुधवारी सकाळी ती खोलीत पोचली, तर मास्तर आधीच येऊन बसले होते. टेबलावर पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी पंचा सोडला. मायक्रोफोन होता.

“आईचा चालेल का?” ताईनं विचारलं. तिच्याही मनात तेच होतं.

“मला काय माहीत? माझी सगळी हयात तारा जोडण्यात गेली,” मास्तर म्हणाले. “पण देणार दुसरं कोण? एक करा, सोडाल तो पुरा सोडा. मागं राखून ठेवलात तर जोड बसायचा नाही.”

ताई मायक्रोफोनसमोर बसली, श्वास घेतला आणि सोडायला लागली. सोडताना तिला जाणवलं की आत बरंच होतं, तिला वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ. दोन वर्षांचं असावं. ते सगळं जात राहिलं. डोळ्यांपुढे अंधारी आली तरी ती थांबली नाही. मास्तरांनी मशीन बंद केलं तेव्हा तिचा चेहरा ओला होता, आणि ती त्याकडे जरा नवलानं पाहत होती, हाताच्या पंजावर पाणी घेऊन.

तिनं तुकडा मोजला, कापला, लेकीच्या श्वासाला लागून बसवला. चौदा जोड. मशीन चालू केलं. सूर घुमला, श्वास आत गेला, श्वास बाहेर आला. मास्तर खुर्चीवर बसले आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

दुपारी त्याच वेटोळ्यावरून तिनं शेवटच्या भागाचं संगीत पुरं केलं. भावंडं कपाटात बसून घरी निघतात आणि पोकळ्या मागे राहतो, लहान लहान होत जातो. रेडिओकाकांच्या शेवटच्या वाक्यानंतर वीस सेकंद. तीनशे इंच, आवाज कमी करत करत शून्यावर.

संध्याकाळी घराचे तीन जिने चढून तिनं कडी वाजवली. टक्. आत फटाक फटाक स्लिपरा धावत आल्या, दार उघडलं आणि भुंगी म्हणाली, “आई, आत्यानं मला न विचारता माझा खाऊ खाल्ला.”

“काय बोलतेय बघ, काय बोलतेय,” आत्या मागून म्हणत होती आणि डोळे पुसत होती. “खाल्ला बाई, खाल्ला. बोल अजून मला.”

नळ ठिबकत होता. ताईला बरं वाटलं. बरं वाटतंय हे तिला लांबून दिसलं, समोरच्या गच्चीत कुणीतरी आनंदात असावं तसं. त्या गडबडीत कान लावायचा खेळ राहूनच गेला. तीन जिने चढून आपल्याला धाप लागलेली नाही, हे तिच्या ध्यानात आलं. तिनं त्याला फारसं महत्त्व दिलं नाही.

गुरुवारी सकाळी केंद्रात तिनं सवयीनं वेटोळं मोजलं. पंधरा. पंधरावा तुकडा ऐकायचा की नाही, असा क्षणभर विचार केला. भुंगी सकाळी गात गात शाळेत गेली होती. ताईनं वेटोळं खिळ्यावर परत अडकवलं.

९

साडेपाचला तिघी रेडिओपुढे बसल्या. शेवटचा भाग म्हणून आत्यानं स्वयंपाकघरातलं स्टूल बाहेर आणलं होतं. ताई खाली, भिंतीला टेकून; भुंगी तिच्या मांडीत. पोर मधेमधे गुणगुणत होती आणि कुणी तिला गप्प कर म्हणत नव्हतं.

नाटक छान झालं. भावंडांनी पोकळ्याला आपल्याबरोबर चल म्हटलं, आणि पोकळ्या जवळ आला, मानेपाशी. श्वास आत, श्वास बाहेर. या वेळी तो थकलेला वाटला, भीतिदायक मुळीच नाही. आत्यानं नाक ओढलं. त्या श्वासाखाली आणखी काहीतरी चाललं होतं, खोल, एकसारखं. ताईनं कान दिला. बुधवारी पुरं केलेल्या टेपमध्ये ते नव्हतं. त्या टेपचा इंच न्‌ इंच तिच्या बोटांखालून गेलेला होता.

भुंगी मांडीत वळली आणि तिनं आईच्या छातीला कान लावला. नेहमीसारखा. थोडा वेळ ऐकलं. मग कान उचलून दुसऱ्या जागी लावला, जरा दाबून.

“काय लागलंय आज?” ताईनं विचारलं.

 पोर रेडिओकडे पाहत होती. मग पुन्हा तिनं कान लावला, आणि बोटानं आईच्या गुडघ्यावर ठेका धरला. धप, धप. धप, धप. खालून येणाऱ्या त्या आवाजाशी तिचा ठेका बरोबर जुळत होता.

“आई,” ती म्हणाली, “तुझं इथे नाही वाजत. तिथे वाजतंय.”

ताईनं मनगटावर दोन बोटं ठेवली. डॉक्टर ठेवतात तिथे. मग अंगठ्याकडे सरकवली, मग गळ्यापाशी ठेवली. ठोका कुठेच लागला नाही. ती घाबरली नाही. तिला नवरा आठवला, आणि मग मास्तरांनी चहा ढवळता ढवळता टाकलेलं वाक्य आठवलं: आणलेली वस्तू परत करायला लागते.

“आणि कपाटाचं दार मिटलं,” रेडिओकाका त्यांच्या देखण्या आवाजात म्हणाले. “एवढीच होती गोष्ट.”

पोकळ्या लांब जायला लागला. भुंगी मांडीतून उठली, गुडघ्यांवर सरकत पुढे गेली आणि सवयीनं तिचा हात बटणाकडे गेला.

“राहू दे,” ताई म्हणाली.

“संपलं की, आई.”

“नाही संपलं. ये इकडे, बस माझ्याजवळ.” तिनं हात पुढे केला. “आज शेवटपर्यंत ऐकू.”

भुंगी परत येऊन मांडीत बसली आणि आईचा हात तिनं आपल्या पोटावर ओढून घेतला. आवाज बारीक होत होता. ताई इंच मोजत होती. तीनशेतले दोनशे तरी अजून बाकी होते.